पाच डबे आणि एक ट्रक

१० जानेवारी, शनिवार. जागा : होम मैदान, पाळण्यांच्या रांगेमागचा आमचा नेहमीचा कोपरा. हजर : मी, हे, मल्लू भावजी, अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. खेळाची यंत्रं चार, सगळी चालू. शिवाय ट्रक. ट्रकला मी चालू किंवा बंद अशा कुठल्याच रकान्यात टाकत नाही. सकाळी तो बंद असतो आणि भावजींनी पाठीवर थाप मारली की चालू होतो.

जानेवारीत सोलापूर आपोआप वेगळं वागायला लागतं. पहाटे नळाचं पाणी बोटांना चावतं आणि अकरा वाजता कपाळावरचा घाम पुसावा लागतो. गल्ल्यांमधून नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. उंच काठी तोलत चाललेल्या माणसाचं तोंड आभाळाकडे असतं आणि सगळं लक्ष कमरेत. बाजारात हुरडा येतो, तीळ येतात, गाजरं येतात, आणि आमच्या घरात माळ्यावरच्या ताडपत्र्या खाली येतात. माझी यादी त्याच्याही आधी निघते. दोऱ्या, खिळे, फ्यूज, चिकटपट्टी, वायरीचा बोर्ड, पाण्याचा जार, अव्वांची चटई, अव्वांचा खलबत्ता. जत्रेत खलबत्ता कशाला, असं नवीन माणूस विचारतो. त्याला मी ट्रकची गोष्ट सांगते, कारण खलबत्ता यादीत आला तो ट्रकमुळे आणि तो अजून यादीत आहे तोही ट्रकमुळेच.

नव्या पेठेत आमचं खेळण्यांचं आणि कटलरीचं दुकान आहे. वर्षभर प्लॅस्टिकच्या बादल्या, बांगड्यांचे स्टँड, चावीची माकडं. सासऱ्यांच्या वेळेपासून जत्रेत, इथल्या भाषेत गड्ड्यात, मात्र आमचा वेगळा स्टॉल असतो. आधी फुगे फोडायची बंदूक होती, मग रिंगा टाकायचा खेळ, आणि आता ही पडद्यावरची यंत्रं. मैदानावर पहिल्या दिवशी जो वास असतो तो मला अजून नीट सांगता आलेला नाही. नव्या लाकडी फळ्या, जनरेटरचं डिझेल, उसाचा रस, भाजलेल्या शेंगा आणि नुकतंच पाणी मारलेली धूळ. एकेका वासाला नाव आहे, एकत्र झाले की नाही.

ट्रक आला त्याला तीन वर्षं झाली. माझं माहेर टेंभुर्णीचं. तिथे हायवेवर माझ्या भावाच्या ओळखीचं एक हॉटेल आहे. मालकाने कधीतरी हौसेने प्रवाशांच्या पोरांसाठी एका कोपऱ्यात हा ट्रकचा खेळ मांडला होता, आणि नंतर त्या कोपऱ्यात त्याला बेसिनं बसवायची होती. जत्रेपुरता न्या, पसंत पडला तर ठेवा, न्हाय तर आणून सोडा, असं तो म्हणाला. आला तो टेंपोत आडवा निजून. ट्रक टेंपोत बसून आला याचं अव्वांना इतकं नवल वाटलं की शेजारच्या भेळवाल्याला त्यांनी ते दोनदा सांगितलं, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत.

नारिंगी पत्र्याची, एक माणूस आत बसेल अशी केबिन. घमेल्याएवढं स्टिअरिंग. पायाशी दोन पेडल, डोक्यावर एक दोरी. दोरी ओढली की असा भोंगा वाजतो की पाळण्यात बसलेले लोक खाली बघतात. समोरच्या पडद्यावर परदेशातला घाट, आणि घाटात आठ ट्रक शर्यतीला उभे. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं आणि कुणीतरी माणूस इंग्रजीत सतत ओरडत असतो. दरीत पडलात तर ट्रक क्षणभर लुकलुकतो आणि पुन्हा अख्खाच्या अख्खा रस्त्यावर उभा राहतो. घाटाच्या वरच्या टप्प्यावर बर्फ आहे. होटगीकडची एक बाई बराच वेळ पडद्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली होती, रस्त्यात कापूस सांडलाय बघा केवढा. नवऱ्याने नीट निरखून मीठ असावं असं सांगितलं. दोघंही समाधानाने पुढे गेले. मी त्यांना थांबवून काही सांगितलं नाही, कारण त्या वेळी पारा तिशीच्या वर होता आणि बर्फ हा शब्द मलाच खोटा वाटला असता.

आता मल्लू भावजींबद्दल. ते माझे धाकटे दीर. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला आणि ते घरी आले. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातलं बिघडलेलं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात जे बिघडलेलं नव्हतं तेही उघडून बघितलं. मिक्सरचं पातं उलटं फिरायला लागलं तेव्हा ह्यांनी चाकणच्या चुलतभावाला फोन लावला. त्याने तिथल्या एका कंपनीत भावजींसाठी जागा बघून ठेवली आणि सांगितलं, गड्डा संपला की कळवा, तोवर मी थांबवतो.

आमच्या घरात भाषेची एक जुनी वाटणी आहे. अव्वा कन्नडमध्ये बोलतात. हे मराठीत उत्तर देतात, शाळेपासूनची सवय. मी टेंभुर्णीची, मला कन्नडमधलं जेवण, पाणी, पुरे, इकडे ये एवढं कळतं आणि त्यातलं पुरे सगळ्यात चांगलं म्हणता येतं. भावजी एकटेच अव्वांशी कन्नडमध्ये बोलतात, तेही लांबलचक. सकाळी चहाला बसले की तासभर दोघांचं चालतं, मधूनच अव्वा तोंडाला पदर लावून हसतात. चाकण म्हणजे हा तास जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं. अव्वांशी ते बोलायचं कोणत्या भाषेत हाही प्रश्न होताच.

आणि भावजींना ट्रक आवडला. पहिल्याच दिवशी मागचा पत्रा उघडून आत डोकं घालून बसले ते जेवायला हाक मारली तरी बाहेर येईनात. त्यांचं म्हणणं असं की हा ट्रक घेऊन वर्षभर जत्रा करता येतील. करमाळ्याची कमलाभवानी, अक्कलकोट, खालचा कर्नाटकातला पट्टा. हे नियमाचे माणूस. ते म्हणाले, आपल्याला आवडून काय उपयोग, खेळणाऱ्यांना विचारू. लोकांना पसंत असेल तर ट्रक राहील आणि मल्लूही राहील. नसेल तर ट्रक टेंभुर्णीला, मल्लू चाकणला.

दोघांचा निकाल एकत्र लागणार होता. ट्रकला त्याचं काही नव्हतं.

विचारायचं कसं, यावर आमची चांगली चर्चा झाली. हल्ली काहीही घेतलं की फोन विचारतो, कसं वाटलं, तारे द्या. मला या ताऱ्यांचं फार कुतूहल आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी वस्तूंपेक्षा लोकांची मतं वाचते. फोनवरच्या असल्याच एका ट्रकच्या खेळाला कुणी एक तारा देऊन खेळ छान आहे म्हणतो आणि कुणी पाच तारे देऊन सारखा बंद पडतो म्हणून कळवतो. एकाने तीन दिले होते, कारण त्याच्या मुलाला अजून खेळायला दिला नव्हता. हे सगळे तारे एकत्र करून त्यांचा एक आकडा निघतो आणि आपण त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. मीही ठेवते. पण आमच्या स्टॉलवर फोन काढून मत द्यायला कोण थांबणार? चिठ्ठ्या ठेवल्या तर वाऱ्याने उडतात. खडूने फळीवर रेघा मारायच्या तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीने पुसतात. शेवटी नजर गेली अव्वांच्या शेंगांच्या पोत्याकडे. चटणीसाठी आणलेलं पोतं घरी उतरवायचं राहून स्टॉलवरच आलं होतं. प्रत्येक खेळणाऱ्याला उतरताना एक शेंग द्यायची आणि त्याने ती डब्यात टाकायची. पाच डबे, फळीवर ओळीने. भावजींनी त्यांवर रंगाने लिहिलं : नको, चालतंय की, बरं हाय, चांगलं, लई भारी.

हा चौघांनी मिळून घेतलेला निर्णय होता. सोलापुरात माणसं शेंगेचं काय करतात, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग मतं पडायला लागली. मी काउंटरवर बसून बघत असे, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की माणसं ट्रकला मत देतच नाहीत. कॉलेजची तीन मुलं आली, पडद्यावरची झाडं कागदी दिसतात म्हणून हसली, आणि जो पहिला आला त्याने लई भारीत टाकली, जो शेवटचा आला त्याने नकोमध्ये. ट्रक तोच, झाडंही तीच. पांढऱ्या बाराबंदीतला एक गडी नंदीध्वजाच्या मिरवणुकीतून थेट आला. इतका वेळ काठी तोलून आल्यावर त्याला स्टिअरिंग हलकं वाटलं असणार. तो बाकीच्या सातही ट्रकांना ठोकत ठोकत दरीत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा गेला, आणि आनंदाने शेवटच्या डब्यात शेंग टाकून गेला. पडूनही काही मोडत नाही, असं म्हणाला. विजापूर वेशीकडचे एक चाचा नातवाला घेऊन आले होते, स्वतःच बसले. उतरल्यावर डब्यांपुढे पुष्कळ विचार करून म्हणाले, "गाडी अच्छी है बेटी, बीच का पहाड नक्को." गाडीचं मत द्यायचं की पहाडाचं, ते मला विचारत होते. शेवटी त्यांनी शेंग मोडली, एक दाणा चांगलंमध्ये टाकला आणि एक नकोमध्ये.

एक बाई आल्या, सोबत दोन पोरं, हातात पिशव्या. पोरांना बाजूच्या यंत्रावर सोडून स्वतः ट्रकमध्ये बसल्या. स्टिअरिंगला हातही लावला नाही. घड्याळ संपेपर्यंत डोळे मिटून बसून राहिल्या, मग उतरून लई भारीत शेंग टाकली. सकाळपासून पहिल्यांदा टेकले, असं मला सांगून गेल्या. फोनवरच्या त्या आकड्यात असल्या किती शेंगा असतील, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. खेळाचा आवाज मोठा म्हणून मत कमी, रांग लहान म्हणून मत जास्त. नवरा हरला म्हणून बायकोने दिलेलं मत तर मी त्या दिवसांत पुष्कळदा पाहिलं, आणि ते नेहमी लई भारीच असायचं.

त्या दिवसांतली दुपार मला फार स्पष्ट आठवते. बाराच्या सुमाराला गर्दी विरळ व्हायची. पाळणे रिकामे उभे, त्यांच्या सावल्या आमच्या ताडपत्रीवर. आम्ही चौघं आळीपाळीने जेवायचो. घरून कडक भाकरी आणलेली असायची, ती महिनाभर टिकते म्हणून जत्रेच्या यादीत पहिली. त्यावर दही आणि शेंगांची चटणी. त्या वर्षी चटणी रोज ताजी असायची. लसूण नुकता ठेचलेला, दाणे नुकते भाजलेले, तिखट असं की ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. अव्वा फळीखाली चटई टाकून बसायच्या, चहाच्या स्टोव्हशेजारी, आणि त्यांचा खलबत्ता हळू आवाजात वाजत असायचा. एक दिवस हे म्हणाले, यंदाची चटणी मागच्या कुठल्याही चटणीपेक्षा चांगली झालीय. भावजींनी मान हलवली आणि आणखी एक चमचा घेतला.

डबेही फार चांगले भरत होते. म्हणजे शेवटचे दोन. चांगलं आणि लई भारी गळ्यापर्यंत. बरं हाय निम्मा. पहिल्या दोन डब्यांत मात्र तळ दिसायचा. भावजी रोज संध्याकाळी डब्यांपुढे उभे राहून त्यांच्याकडे बघायचे आणि शीळ घालत वायरी गुंडाळायचे. करमाळ्याला टेंपो कसा न्यायचा याची चौकशीही त्यांनी करून ठेवली. ह्यांचा नियमावर विश्वास, म्हणून निकालावरही. माझं मन तेवढं बसेना. त्या कॉलेजच्या मुलाने नकोमध्ये टाकलेली शेंग मी स्वतः पाहिली होती. चाचांचा दाणाही. यादी करणाऱ्या माणसाची एक खोड असते. आत गेलेली वस्तू बाहेर आलेली दिसली नाही तर त्याला झोप लागत नाही.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी फळीखाली गेलेला स्क्रू शोधायला मी वाकले. अव्वा चटईवर बसल्या होत्या. मांडीवर टरफलं. मी बघत असतानाच त्यांचा हात सावकाश वर गेला, फळीच्या कडेवरून नकोच्या डब्यात शिरला, मूठभरून खाली आला. मग पुन्हा वर जाऊन शेजारच्या डब्यात. सगळं इतकं शांतपणे की देवासमोरच्या ताटलीतून फूल उचलावं. तव्यावर दाणे तडतडत होते.

मी म्हटलं, "अव्वा, त्या मतदानाच्या शेंगा आहेत."

अव्वांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाण्यांकडे. "शेंगा हाय ते," त्या म्हणाल्या. "शेंगाचं चटणी होतंय."

हे आणि भावजी जेवत होते. ह्यांचा घास हातात राहिला. चार दिवस आम्ही रोज दुपारी ट्रकची नापसंती दह्यात कालवून खात होतो आणि आणखी मागून घेत होतो. ह्यांना हसू आवरेना. ते इतके हसले की ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं. मीही हसले. भावजी हसले नाहीत. त्यांनी भाकरी कागदावर ठेवली, हात पुसला आणि जाऊन ट्रकमध्ये बसले. यंत्र बंद होतं. काळ्या पडद्यात त्यांचा चेहरा दिसत होता. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"वहिनी, तुमी तरी खरं सांगा की. चांगला हाय का न्हाय ट्रक?"

घरात ते असं गावाकडचं बोलत नाहीत. कारखान्यात बोलायचे, तेव्हापासूनचं ते तोंडात होतं. मी काय सांगणार होते? मी त्या ट्रकमध्ये तोवर बसलेच नव्हते. काउंटर सोडून बसणार कधी? तेवढं मी खरं सांगितलं.

हे पाणी प्यायले आणि पुन्हा नियमात आले. लोकांची मतं गेली ती गेली. आता घरच्यांनी मत द्यायचं. चौघांची चार मतं, उघड्यावर, आणि अट एकच : खेळल्याशिवाय मत नाही. चारही मतं आली की त्याच दिवशी एक फोन टेंभुर्णीला आणि एक चाकणला. एक जरी कमी असेल तर निर्णय नाही. हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की पुढे ते त्यांनाच पाळावं लागलं.

पहिले हेच बसले. सहावे आले. बरं हायमध्ये शेंग टाकली. खेळ बरा, पण कमरेला त्रास होतो. मग मी. माझा ट्रक पहिल्याच वळणावर कठड्याला टेकला, पण मला तो घाट आवडला, ते पांढरं वळण आवडलं, आणि दोरी ओढायला मिळाली तेव्हा मी ती गरजेपेक्षा जास्त वेळा ओढली. चांगलं. मग भावजी. ते पहिले येणार हे ठरलेलंच होतं, आलेही. शेंग हातात घेऊन ते डब्यांपुढे उभे राहिले. मला वाटलं, आता ही शेवटच्या डब्यात जाणार. त्यांचं सगळं त्या एका शेंगेवर होतं. त्यांनी ती दुसऱ्या डब्यात टाकली. चालतंय की. ब्रेक उशिरा लागतोय, ते म्हणाले, आणि स्टिअरिंग डावीकडं ओढतंय. तेवढं झालं की मग बघू.

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. यंत्रमागाचा माणूस स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा तुटलेल्या धाग्याला अख्खा म्हणत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं.

उरल्या अव्वा. एक बरं, एक चांगलं, एक चालतंय. निकाल लागायचा तर तो त्यांच्या शेंगेनेच.

अव्वांना केबिनमध्ये चढवायला दोघे लागले. त्यांनी आधी चपला काढून खाली ठेवल्या, देवळात जाताना ठेवाव्यात तशा. पदर खोचला. भावजी बाजूला पायरीवर बसले आणि यंत्र चालू केलं. तो इंग्रजी माणूस ओरडला, सात ट्रक धूळ उडवत निघून गेले. अव्वांचा जागेवरच. त्यांनी पेडलवर पाय ठेवलाच नव्हता. त्या बघत होत्या. घड्याळ पळत होतं. भावजींनी काहीतरी सांगितलं, तेव्हा पाय अलगद टेकवला आणि ट्रक बैलगाडीच्या चालीने घाट चढू लागला. बर्फ आला तसा त्यांनी ट्रक थांबवला. रस्त्याच्या कडेला पडद्यात लांबवर दोन-तीन घरं आहेत, खिडक्यांत उजेड असलेली. शर्यतीत ती कुणाला दिसत नाहीत. मी इतके दिवस समोर बसून पाहिली नव्हती. अव्वांनी त्या घरांकडे बोट केलं आणि कन्नडमध्ये काही विचारलं. भावजींनी उत्तर दिलं. अव्वांनी पुन्हा विचारलं. भावजींचं उत्तर या वेळी लांबलं, हातवारे करून. मला त्यातलं जेवण एवढंच कळलं. त्या घरांत कोण राहतं, काय शिजतं, असं काहीतरी चाललं असावं. अव्वा पदर तोंडाला लावून हसल्या. घड्याळ संपलं, पडदा अंधारला, तरी दोघांचं बोलणं चालूच होतं.

खाली उतरल्यावर ह्यांनी त्यांच्या हातात शेंग ठेवली. आम्ही तिघं डब्यांपाशी उभे. अव्वांनी पाचही डब्यांकडे नीट पाहिलं, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. मग शेंग पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ मारली.

"इन्नोम्मे," त्या म्हणाल्या. आणखी एकदा. "आणि एक डाव बसते. मग सांगते."

गड्डा संपेपर्यंत त्या बसल्या नाहीत. कधी गुडघा दुखत होता, कधी गर्दी होती, कधी ऊन डोळ्यांवर येत होतं. चाकणच्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा ह्यांनी नाइलाजाने सांगितलं की घरचं एक मत बाकी आहे. त्याला ते काय समजलं कोण जाणे. त्याने आठवडाभर वाट पाहिली आणि ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली. भावजींनी ट्रकचा ब्रेक दुरुस्त केला. स्टिअरिंग अजून किंचित डावीकडे ओढतं.

अव्वांनी हे मुद्दाम केलं का, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. कधी वाटतं, त्यांनी सगळं हिशोबाने केलं, पहिल्या डब्यात हात घातला त्या क्षणापासून. कधी वाटतं, त्या खरंच फक्त चटणी करत होत्या आणि खरंच त्यांना पुन्हा एकदा ती घरं बघायची आहेत. विचारायचं तर भावजींमार्फत विचारावं लागेल, आणि ते कसं विचारणार? मीही गेल्या वर्षीपासून थोडं कन्नड शिकायला घेतलंय. त्या घरांत काय शिजतं एवढं विचारण्याइतकं आलंय. उत्तर समजण्याइतकं अजून नाही.

आता ट्रक म्हातारा दिसतो. नारिंगी रंग उडून जर्दाळूसारखा झालाय. येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये याहून चांगला ट्रक आहे, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन डबे आता बाकीच्यांपेक्षा लवकर भरतात. आम्ही शेंगांऐवजी गोट्या वापरतो, त्यामुळे ते लपतही नाही. भावजी त्या गोट्या दर संध्याकाळी बघतात, वायरी गुंडाळतात, शीळ पूर्वीइतकी घालत नाहीत. करमाळ्याच्या जत्रेत यंदा ट्रकपुढे रांग नव्हती. तिथून परतताना टेंपोत ते मला म्हणाले होते, अव्वाचं मत एकदाचं घेऊन टाका वहिनी, काय असंल ते असंल. आवाजात राग नव्हता. जाणून घ्यायची इच्छा होती, मला आहे तशीच. म्हणून यंदा कामांच्या यादीत मी ते वरच लिहिलं : अव्वांचं मत घेणे.

आज सकाळी थाप मारून ट्रक चालू झाल्यावर मी अव्वांना चढवलं. गर्दी व्हायच्या आत, ऊन यायच्या आत, गुडघ्याला तेल लावून; त्यांची सगळी कारणं मी आधीच निकालात काढून ठेवली होती. पायरीवर भावजी बसले. ट्रक सावकाश घाट चढला आणि बर्फात घरांपाशी थांबला. खिडक्यांतला एक उजेड आता पडद्याच्या त्या भागाबरोबर गेलाय, तिथे काळा ठिपका आहे. अव्वांनी त्याबद्दलच विचारलं असावं, कारण भावजींनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग बोलायला लागले. बोलत राहिले. रांगेतलं पहिलं गिऱ्हाईक खाकरलं तरी दोघांपैकी कुणी मागे पाहिलं नाही.

मी शेंग घेऊन उभी होते. अव्वांसाठी अजून दर गड्ड्याला शेंगच असते, गोटी त्या हातात घेत नाहीत. तेवढ्यात टेंभुर्णीहून फोन आला. हॉटेलचा मालक दर संक्रांतीच्या आधी करतो.

"काय ताई, पसंत पडला का न्हाय ट्रक?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "एक मत बाकी आहे."

"आजून?"

अव्वा खाली उतरल्या, चपला घातल्या, माझ्या हातातली शेंग घेतली. पाच डब्यांवरून नजर फिरवली. पदराचं टोक हातात घेतलं. आधीच्या वर्षांच्या शेंगा त्या टोकाला नाहीत. त्या कुठे गेल्या हे आम्हाला दुपारी जेवताना कळतं. यंदाचीही गाठ बसली. भावजी वाकून ब्रेकखालचा स्क्रू आवळत होते, त्यांनी मान वर केली नाही, पण शीळ ऐकू आली.

कडक भाकरी, झाली. फ्यूज, झाले. पाण्याचा जार, झाला. खलबत्ता, आणला. अव्वांचं मत घेणे : उद्या सकाळी पुन्हा विचारायचं.